थंड मुलखातली द्राक्षबाग

ज्या प्रदेशात द्राक्ष पिकते, पण त्यासाठी लागणारी ऊब जेमतेमच पुरते, तो द्राक्षशेतीच्या दृष्टीने थंड हवामानाचा प्रदेश. उत्तर गोलार्धात एप्रिल ते ऑक्टोबर हे वेलीच्या वाढीचे महिने. थंड प्रदेशात त्यांचे सरासरी तापमान साधारण १३ ते १५ अंश सेल्सिअस असते. उरलेले महिने वेल पाने गाळून सुप्तावस्थेत उभी राहते. जर्मनीतले मोझेल नदीचे खोरे, फ्रान्समधला शँपेन, न्यूझीलंडमधला सेंट्रल ओटागो, ऑस्ट्रेलियाचे टास्मानिया बेट आणि अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातला फिंगर लेक्स हे या गटातले नावाजलेले प्रदेश.

इतक्या अडचणीच्या हवेत द्राक्ष लावण्याचे कारण मण्याच्या आत आहे. मणी पिकताना त्यात साखर चढते आणि त्याच वेळी त्यातले मॅलिक आम्ल श्वसनात खर्ची पडते. हवा जितकी उष्ण, तितके हे आम्ल लवकर जळते. थंड रात्रींमुळे ते टिकून राहते, पक्वता सावकाश येते आणि सुगंधी द्रव्येही शाबूत राहतात. रीस्लिंग, पिनो न्वार, शार्दोने यांसारख्या वाणांची तजेलदार, आंबटसर वाइन अशाच हवेत उत्तम होते. मात्र ही गुणवत्ता आणि पीक हातचे जाणे यांत अंतर फार थोडे असते. म्हणून अशा बागेतले जवळजवळ प्रत्येक काम, जागा निवडण्यापासून घडाभोवतीचे पान खुडण्यापर्यंत, ऊब मिळवण्यासाठी आणि थंडी बाहेर काढण्यासाठी केलेले असते.

उबेचा हिशेब

द्राक्षवेल १० अंश सेल्सिअसच्या खाली जवळपास वाढतच नाही. त्यामुळे दिवसाच्या सरासरी तापमानातून १० वजा करून उरलेले अंश त्या दिवसाच्या खात्यावर जमा धरतात. सरासरी १८ अंश असेल तर त्या दिवसाची जमा ८. एप्रिल ते ऑक्टोबरची ही सारी जमा एकत्र केली की त्या जागेची एकूण ऊब कळते. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या अमेरिन आणि विंकलर या शास्त्रज्ञांनी १९४४ मध्ये या बेरजेवरून द्राक्षप्रदेशांचे पाच गट पाडले. साधारण १४०० पर्यंत बेरीज असलेल्या जागा पहिल्या, म्हणजे सर्वांत थंड गटात येतात. फिंगर लेक्सच्या बागा या गटात किंवा त्याच्या वरच्या सीमेवर मोडतात.

केवळ बेरजेने मात्र जागेची पारख पुरी होत नाही. त्याबरोबर आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली, वसंतातल्या शेवटच्या दहिवरापासून शरदातल्या पहिल्या दहिवरापर्यंत, म्हणजे पाला गोठवणाऱ्या एका थंडीपासून दुसरीपर्यंत, किती दिवस मिळतात. युरोपीय वाणांना किमान १६० ते १८० दिवस हवेत. दुसरी, हिवाळ्यातली नीचांकी थंडी. उन्हाळा कितीही चांगला असला तरी एका जानेवारीच्या रात्री पारा उणे २५ च्या खाली उतरला, तर वर्षाचे पीक आणि कधी कधी सबंध वेलच जाते.

अकरा सरोवरांचा मुलूख

थंड मुलखातल्या बागेचे उदाहरण म्हणून इथे घेतलेला फिंगर लेक्स हा प्रदेश न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम-मध्य भागात आहे. हिमयुगातल्या बर्फाच्या प्रचंड थरांनी जुन्या नदीखोऱ्यांना खरवडून उत्तर-दक्षिण लांबट अशी अकरा सरोवरे कोरली. त्यांतली सेनेका, कायुगा आणि क्युका ही द्राक्षशेतीची मुख्य सरोवरे. अक्षांश पाहावा तर तो इटलीतल्या रोमच्या जवळपासचा. पण रोमला भूमध्य समुद्राची ऊब आहे आणि इथे कॅनडातून येणारे खंडीय वारे. सरोवरे नसती तर इथे युरोपीय द्राक्ष टिकलेच नसते.

सेनेका सरोवराची खोली सुमारे १८८ मीटर आहे. त्याचा तळ समुद्रसपाटीच्याही खाली जातो. इतके पाणी उन्हाळाभर उष्णता साठवते आणि हिवाळ्यात हळूहळू सोडते. सेनेका सहसा पूर्ण गोठत नाही, त्यामुळे काठच्या उतारावरची हवा आतल्या पठारापेक्षा काही अंशांनी उबदार राहते. वसंतात हेच पाणी थंड असते. ते काठची हवा गार ठेवते, वेलींना फूट उशिरा निघते आणि कोवळे कोंब दहिवराच्या तडाख्यातून वाचतात. शरदात उन्हाळ्याची उरलेली ऊब पहिले दहिवर लांबवते आणि घडांना पिकायला दोन-तीन आठवडे जास्त मिळतात. जागेची किंमत इथे सरोवरापासूनच्या अंतरावर ठरते, ती या तिहेरी उपकारामुळे.

द्राक्ष इथे १८२९ पासून आहे. क्युका सरोवराच्या दक्षिण टोकाला हॅमंड्सपोर्ट गावात एका पाद्र्याने पहिल्या वेली लावल्या. पण त्या आणि पुढची शंभर वर्षे लावलेल्या वेली कॉन्कॉर्ड, कॅटावबा अशा अमेरिकी वंशाच्या होत्या. युरोपीय वेली इथे जगत नाहीत, अशीच समजूत होती. ती मोडली कॉन्स्टंटिन फ्रँक यांनी. सोव्हिएत युक्रेनमध्ये कडाक्याच्या थंडीत द्राक्षे पिकवलेले हे शास्त्रज्ञ १९५१ मध्ये अमेरिकेत आले. युरोपीय वेल थंडीने नव्हे, तर चुकीच्या खुंटामुळे, म्हणजे कलमाखालच्या मुळांच्या भागामुळे, आणि सदोष जोपासनेमुळे मरते, असे त्यांचे ठाम म्हणणे होते. शँपेनमधून आलेले वाइनतज्ज्ञ चार्ल्स फुर्निए यांनी त्यांना संधी दिली. लवकर पक्व होणाऱ्या खुंटांवर कलमे करून फ्रँक यांनी रीस्लिंग आणि शार्दोने जगवून दाखवले. १९६२ मध्ये त्यांनी क्युकाकाठी स्वतःची वाइनरी काढली. आज रीस्लिंग हीच या प्रदेशाची ओळख आहे.

जागेची निवड

थंड प्रदेशातल्या बागेचे निम्म्याहून अधिक भवितव्य पहिली वेल लावण्याआधीच ठरते. खत, फवारणी, छाटणी दरवर्षी सुधारता येते. जागा बदलता येत नाही. म्हणून अनुभवी बागायतदार जमीन घेण्याआधी तिथे तापमापक लावून एक-दोन हिवाळ्यांची नोंद ठेवतो.

सर्वांत आधी उतार पाहायचा. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमिनीतली उष्णता आकाशात निघून जाते आणि जमिनीलगतची हवा थंड होते. थंड हवा जड असते. ती पाण्यासारखी उताराने खाली वाहत जाते आणि खोलगट जागी साठते. म्हणून दरीचा तळ टाळतात आणि उताराचा मधला पट्टा निवडतात. थंड हवेच्या वाटेत दाट झाडांची रांग किंवा उंच बांध आला तर ती तिथेच तुंबते. बागेच्या खालच्या बाजूची झाडी विरळ करणे, कुंपणालगतची झुडपे काढणे, ही कामे त्यासाठीच. उतार फार तीव्र असेल तर ट्रॅक्टर चालत नाही आणि माती वाहून जाते. मध्यम उतार सोयीचा.

त्यानंतर माती. द्राक्षवेलीला सुपीक जमिनीपेक्षा निचऱ्याची जमीन हवी. फिंगर लेक्समध्ये वर्षभर, उन्हाळ्यातही, पाऊस पडतो आणि हिमनद्यांनी आणून टाकलेल्या मातीत ठिकठिकाणी खाली घट्ट थर असतो. पाणी साचलेल्या जागी मुळे गुदमरतात, वेल उशिरापर्यंत वाढत राहते आणि काडी पक्व होत नाही. न पिकलेली काडी हिवाळ्यात पहिल्यांदा मरते. म्हणजे उन्हाळ्यातला खराब निचरा जानेवारीतल्या थंडीचे नुकसान वाढवतो.

वाण आणि खुंट

वाणाची निवड जागेच्या नीचांकी तापमानावरून होते. ढोबळमानाने कॉन्कॉर्डचे सुप्त डोळे उणे २८ ते ३० अंशांपर्यंत तग धरतात. रीस्लिंग आणि काबर्ने फ्रां यांचे साधारण उणे २३ ते २५ पर्यंत. मर्लोचे त्याआधीच मरू लागतात. उबदार काठावर युरोपीय वाण, किंचित थंड जागी कायुगा व्हाइट, त्रामिनेट, विदाल असे संकरित वाण आणि त्याहून थंड पठारावर अमेरिकी वाण अशी साधारण मांडणी असते. कायुगा व्हाइट हा जिनीव्हा गावातल्या, आता कॉर्नेल विद्यापीठाचा भाग असलेल्या संशोधन केंद्रात तयार झाला आणि १९७२ मध्ये प्रसारित झाला. पक्वतेचा काळही महत्त्वाचा. जो वाण ऑक्टोबरअखेरपर्यंत पिकणार नाही, तो कितीही नामांकित असला तरी या बागेत उपयोगाचा नाही.

युरोपीय वाण स्वतःच्या मुळांवर लावता येत नाही, कारण मुळांतला रस शोषणारी फायलोक्सेरा ही बारीक कीड मूळची पूर्व अमेरिकेचीच. तिथल्या रानवेली तिच्यासह वाढल्या म्हणून त्यांची मुळे तिला दाद देत नाहीत. त्यामुळे खाली अमेरिकी वंशाचा खुंट आणि वर युरोपीय वाण असे कलम करतात. ३३०९ कुदेर्क आणि १०१-१४ हे इथले नेहमीचे खुंट. दोन्ही नदीकाठच्या आणि खडकाळ जागेतल्या रानवेलींच्या संकरातून आलेले. ते वेलीचा जोर आवरतात आणि काडी वेळेवर पक्व होऊ देतात. महाराष्ट्रातला डॉगरिज खुंटही अमेरिकी रानवेलीचाच आहे, पण त्याचे काम वेगळे. तो खारवट पाणी आणि पाण्याचा ताण सोसण्यासाठी निवडला गेला.

लागवडीआधीची दोन वर्षे

रोपवाटिकेत कलमांची मागणी एक-दोन वर्षे आधी नोंदवावी लागते. तेवढ्या काळात जमीन तयार करायची असते. आधी मातीचे परीक्षण. युरोपीय वाणांना ६ ते ६.५ च्या आसपासचा सामू मानवतो. सरोवरांच्या दक्षिणेकडची बरीच माती आम्लधर्मी आहे; तिथे चुना मिसळावा लागतो. चुना मातीत अतिशय सावकाश खाली सरकतो, त्यामुळे तो लागवडीआधीच खोल नांगरून मिसळला तर मुळांपर्यंत पोहोचतो. नंतर वरून टाकलेला चुना वर्षानुवर्षे वरच्या थरातच राहतो.

निचऱ्यासाठी छिद्रे असलेले प्लास्टिकचे पाइप साधारण तीन फूट खोल गाडतात; ओलसर जमिनीत ओळींच्या मधून एकेक पाइप टाकतात. खर्च मोठा असतो, पण खांब-तारा उभ्या राहिल्यावर हे काम करणे जवळपास अशक्य. त्यानंतर बहुवर्षायू तणांचा नायनाट आणि हिरवळीच्या पिकाची एक-दोन पाळी. हरणांचा उपद्रव फार असल्याने आठ फूट उंचीचे कुंपण कलमे येण्याआधीच उभे करतात. एका रात्रीत हरणे कोवळ्या कोंबांची सबंध ओळ साफ करतात.

लागवड आणि पहिली तीन वर्षे

ओळी शक्यतो उत्तर-दक्षिण आखतात, म्हणजे सकाळी एका बाजूला आणि दुपारी दुसऱ्या बाजूला ऊन मिळते. उतार तसे करू देत नसेल तर माती वाहू नये हे आधी पाहतात. दोन ओळींत ९ फूट आणि दोन वेलींत ६ फूट हे सर्रास वापरले जाणारे अंतर. त्याने एकरी सुमारे ८०० वेली बसतात. सुप्त कलमे माती कामाला आली की एप्रिलअखेर ते मे महिन्यात लावतात. कलमाचा जोड जमिनीच्या चार ते सहा इंच वर राहिला पाहिजे, यावर सारी काळजी एकवटलेली असते. जोड मातीत गेला तर वरच्या युरोपीय वाणाला स्वतःची मुळे फुटतात. मग खुंटाचा उपयोग संपतो आणि फायलोक्सेराला वाट मोकळी होते.

पहिल्या वर्षी काम एकच, मुळे वाढवणे. दोन-तीन कोंब ठेवून बाकीचे काढतात, तण वेलीपासून दूर ठेवतात आणि आलेले घड खुडून टाकतात. दुसऱ्या वर्षी सरळ, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काड्यांचे खोड बनवायचे. इथे एका वेलीला दोन खोडे ठेवण्याची पद्धत आहे. एक खोड हिवाळ्यात मेले तर दुसरे पीक देते आणि मेलेल्याच्या जागी जमिनीलगतच्या फुटीतून नवे घडवता येते. दहा एकरांवर पसरलेल्या बागेत ही छोटी तजवीज कित्येक वेलींचा जीव वाचवते. तिसऱ्या वर्षी थोडे पीक आणि चौथ्या-पाचव्या वर्षी पूर्ण पीक मिळते.

खांब आणि तारा पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षी उभ्या राहतात. साधारण तीन फूट उंचीवर फळधारणेची तार. तिच्या वर जोडतारांच्या दोन-तीन रांगा, ज्यांच्या मधून कोंब सरळ वर चढवले जातात. सहा फूट उंचीपर्यंत पानांची उभी भिंत तयार होते. महाराष्ट्रात खाण्याच्या द्राक्षाला मांडव किंवा वाय पद्धतीने पानांचे छत्र देतात, कारण घडाला कडक उन्हापासून सावली हवी. थंड प्रदेशात गरज उलट आहे. घडावर ऊन पडले पाहिजे आणि पावसानंतर वाऱ्याने तो लवकर सुकला पाहिजे.

हिवाळा आणि छाटणी

नाशिक-सांगलीच्या बागेत वेल कधी पूर्ण झोपत नाही, म्हणून बागायतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळ छाटणी अशी वर्षातून दोनदा छाटणी करून तिचे चक्र चालवतो. थंड प्रदेशात ते चक्र हिवाळाच चालवतो. छाटणी एकदाच, सहसा जानेवारी ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत.

त्याआधी एक तपासणी होते. बागेच्या वेगवेगळ्या भागांतून शंभरेक डोळे असलेल्या काड्या आणून त्या एक-दोन दिवस घरातल्या उबेत ठेवतात, म्हणजे मेलेला भाग तपकिरी पडतो. मग धारदार पात्याने एकेक डोळा आडवा कापायचा. आत तीन अंकुर दिसतात. मधला मोठा, मुख्य अंकुर आणि बाजूचे दोन छोटे. मुख्य अंकुर हिरवा असेल तर तो जिवंत, तपकिरी असेल तर मेलेला. शंभरांपैकी ४० मेले आणि वेलीवर ४० जिवंत डोळे हवे असतील, तर ४० ऐवजी ६७ डोळे राखायचे. मर फारच झाली असेल तर छाटणी नाममात्र करतात. बागायतदार इथे दरवर्षी ठरावीक मापाने कापत नाही. झालेले नुकसान मोजून तेवढी भरपाई करत कापतो.

नेहमीच्या वर्षी किती डोळे ठेवायचे हे वेलीच्या ताकदीवरून ठरते. जिनीव्हा केंद्रातल्या नेल्सन शॉलिस यांनी छाटलेल्या काड्यांचे वजन हे त्या ताकदीचे माप म्हणून रूढ केले. युरोपीय वाणाला छाटलेल्या काड्यांच्या दर पौंडामागे, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅममागे, २० डोळे हा ढोबळ आडाखा. दुबळ्या वेलीवर जास्त डोळे ठेवले की पीक जास्त येते, ते नीट पिकत नाही, काडीही कच्ची राहते आणि पुढच्या हिवाळ्यात तीच वेल मरते. युरोपीय वाणांचे उत्पादन म्हणूनच एकरी तीन-चार टनांवर राखले जाते. पीक आवरणे हा इथे थंडीपासून संरक्षणाचाच भाग आहे.

वसंतातले दहिवर

मेच्या पहिल्या पंधरवड्यात डोळे फुटतात. सुप्त असताना उणे २० अंश सोसणारा हाच डोळा कोंब झाल्यावर उणे २ अंशांनाही बळी पडतो. १८ मे २०२३ च्या पहाटे हेच घडले. एप्रिल उबदार गेल्याने फूट लवकर निघाली होती. त्या रात्री पारा गोठणबिंदूखाली गेला आणि प्रदेशातल्या कित्येक बागांतले कोंब काळे पडले. सरोवरापासून दूरच्या आणि थंड हवा साठणाऱ्या जागांना फटका जास्त बसला. मुख्य अंकुर गेला तर बाजूचा छोटा अंकुर फुटतो, पण त्यावर घड कमी असतात. संकरित वाणांत हा दुसरा अंकुर बऱ्यापैकी पीक देतो, युरोपीय वाणांत थोडेच.

यावर उपाय दोन प्रकारचे. एक छाटणीतच दडलेला आहे. काडीच्या टोकाकडचे डोळे आधी फुटतात आणि बुडाकडच्यांना दाबून ठेवतात. म्हणून काड्या लांब ठेवून अंतिम छाटणी फूट निघेपर्यंत लांबवतात. दहिवराने टोकाचे कोंब गेले तरी बुडाचे शाबूत राहतात. दुसरा उपाय यंत्राचा. निरभ्र रात्री जमिनीलगत थंड आणि काही मीटर वर उबदार हवेचा थर असतो. दहाएक मीटर उंच मनोऱ्यावरचा पंखा ती उबदार हवा खाली ओढतो आणि साधारण दहा एकर बागेचे तापमान एक-दोन अंशांनी वाढवतो. तेवढे पुष्कळदा पुरते. महाराष्ट्रात निफाड परिसरात पारा उतरला की शेतकरी बागेत शेकोट्या पेटवतात आणि पहाटे ठिबकने पाणी सोडतात. त्यामागचे विज्ञान हेच, लहानशा थरातली ऊब सांभाळण्याचे. फरक इतकाच की निफाडला जपायचा असतो पिकत आलेला घड आणि इथे नुकता फुटलेला कोंब.

उन्हाळ्यातली पर्णभिंत

जूनच्या मध्यावर फुलोरा येतो. त्याआधीच कोंबांची विरळणी होते. तारेच्या दर फुटाला तीन ते पाच कोंब ठेवून बाकीचे काढतात. कोंब तारांच्या मधून वर चढवतात, शेंडे भिंतीबाहेर गेले की कापतात. एका कोंबावर पंधराएक निरोगी पाने असली की त्यावरचे घड पिकवायला ती पुरतात. त्याहून जास्त पाने एकमेकांवर सावली धरतात, आणि सावलीतले पान फारशी साखर बनवत नाही.

फुलोऱ्यानंतर मणी वाटाण्याएवढे होईपर्यंत घडाभोवतीची काही पाने खुडतात, बहुधा पूर्वेकडची. सकाळचे ऊन घडावरचे दव वाळवते आणि दुपारचे तीव्र ऊन मण्यांना भाजत नाही. ही खुडणी लवकर केली तर मण्याची साल ऊन सोसायला सरावते. उशिरा, एकदम उघडा पडलेला घड करपतो. उन्हात वाढलेल्या मण्यात आम्ल थोडे उतरते, हिरवट चव कमी होते आणि बुरशी धरत नाही. दोन ओळींमधल्या जागेत गवत राखून ते कापत राहतात. गवत जादा पाणी आणि नत्र ओढून घेते, वेलीचा अनावश्यक जोर आटोक्यात ठेवते आणि उतारावरची माती धरून ठेवते. नत्रयुक्त खत अगदी मोजून दिले जाते.

बुरशीशी सामना

महाराष्ट्रातल्या बागायतदाराला हैराण करणारे केवडा आणि भुरी हे दोन्ही रोग मूळचे उत्तर अमेरिकेचे. एकोणिसाव्या शतकात ते युरोपात गेले आणि तिथून जगभर पसरले. त्यांच्या मायभूमीत युरोपीय वाण लावणे म्हणजे दर पावसागणिक जागरूक राहणे. यांच्या जोडीला काळी कूज हा आणखी एक स्थानिक रोग. त्याने अख्खा मणी काळा पडून वाळतो आणि वेलीवर किंवा जमिनीवर पडून पुढच्या वर्षीचे बीज जपतो. छाटणीच्या वेळी असे वाळके घड वेलीवरून काढून टाकणे ही सर्वांत स्वस्त फवारणी होय.

फुलोऱ्याच्या थोडे आधीपासून पुढचे तीन-चार आठवडे हा सगळ्यात नाजूक काळ. त्यानंतर मण्याला स्वतःचीच प्रतिकारशक्ती येते आणि भुरी, केवडा नव्याने लागत नाही, म्हणून उत्तम औषधे आणि उत्तम फवारणी या काळासाठी राखून ठेवतात. पान किती तास ओले राहिले आणि तेव्हा तापमान किती होते, यावरून रोगाचा अंदाज देणारे हवामान केंद्रांचे जाळे कॉर्नेल विद्यापीठ चालवते; फवारणीचा दिवस त्यावरून ठरतो. रीस्लिंगचे घड दाटीचे असतात. शरदातल्या पावसात मणी एकमेकांवर दाबले जाऊन फुटतात आणि राखाडी बुरशी शिरते. घडाभोवती मोकळी हवा हाच तिच्यावरचा पहिला उपाय.

हिवाळी इजा आणि रोग यांचेही नाते आहे. थंडीने खोड तडकले की त्या जखमेतून जिवाणूजन्य गाठींचा रोग वाढतो आणि रसवाहिन्या तुंबतात. अशा खोडाला औषध नाही. ते कापून जमिनीलगतची नवी फूट वर आणायची. दोन खोडांची पद्धत इथे पुन्हा कामी येते.

तोडणी आणि मातीची भर

ऑगस्टच्या उत्तरार्धात मण्यांत पाणी उतरते, म्हणजे ते मऊ होतात आणि रंग पालटतात. आता पक्ष्यांपासून वाचवण्यासाठी ओळींवर जाळ्या चढतात. दर काही दिवसांनी मणी चाचणीसाठी नेतात. साखर, आम्ल आणि सामू मोजतात, बी तपकिरी झाले का ते पाहतात आणि मणी चाखूनही बघतात. सप्टेंबरच्या सुरुवातीला लवकरचे संकरित वाण, मग पिनो न्वार आणि शार्दोने, ऑक्टोबरमध्ये रीस्लिंग आणि काबर्ने फ्रां, असा तोडणीचा क्रम असतो. निर्णय क्वचितच निव्वळ साखरेवर होतो. आणखी आठवडा थांबले तर चव सुधारेल; पण पाऊस आला तर घड कुजतील. हवामानाचा अंदाज, पानांची अवस्था आणि सालीची ताकद पाहून दिवस ठरतो.

घड उतरल्यावरही पाने हिरवी असेपर्यंत वेल साठा करत असते. पानांतली साखर मुळांत आणि खोडात स्टार्च बनून साठते. हिवाळ्यातली तग आणि पुढच्या वसंतातली पहिली फूट याच साठ्यावर अवलंबून असते. म्हणून निरोगी पाला शेवटपर्यंत टिकवणे हे तोडणीनंतरचेही काम आहे.

नोव्हेंबरमध्ये, जमीन गोठण्याआधी, शेवटचे मोठे काम. ट्रॅक्टरच्या नांगराने ओळीच्या दोन्ही बाजूंची माती ओढून प्रत्येक वेलीच्या बुडाला भर लावतात, कलमाचा जोड काही इंच मातीखाली जाईपर्यंत. वरून बर्फ पडले की ते आणखी पांघरूण. हिवाळ्यात जमिनीवरचे सगळे खोड मेले, तरी भरीखालचे काही डोळे जिवंत राहतात आणि त्यातून मूळ वाणाचेच नवे खोड घडवता येते. जोड उघडा राहून मेला असता, तर वर आला असता तो फक्त रानटी खुंट. वसंतात ही भर न विसरता काढावी लागते, नाहीतर जोडाच्या वर मुळे फुटतात. दोन्ही कामे खर्चाची, मातीची धूप वाढवणारी आणि वेलीला इजा होण्याचा धोका असलेली आहेत. तरीही युरोपीय वाणाच्या बागेत ती टाळता येत नाहीत.

नीट जागी लावलेली आणि खोडे वेळोवेळी बदलत ठेवलेली अशी बाग कित्येक दशके पीक देते. वाढत्या तापमानाने इथला उन्हाळा अधिक पिकाऊ होऊ शकतो. पण उबदार मार्च-एप्रिलमुळे फूट लवकर निघून मेच्या दहिवराचा धोका वाढतो, आणि ऐन हिवाळ्यातली कडाक्याची रात्र अजूनही येते. त्यामुळे चांगली जागा, थंडी सोसणारा वाण, योग्य खुंट, दोन खोडे, मोजून छाटणी आणि मातीची भर, ही कामे येत्या काळातही तितकीच गरजेची राहतील.